वाचनाची वाट : लेखांक ९
कमान कोणाच्या डोक्यावर?

तिसरी-चौथीत गेलेले मूल 'कविता' हा शब्द 'किवता' असा वाचते, 'गणित'चे 'गिणत' करते आणि 'महिना'चा 'मिहना'. हे मूल अक्षरे ओळखते, वेलांटीचा आवाजही त्याला येतो. चुकते ते एवढेच, की वेलांटी कोणत्या अक्षराची हे त्याला कळत नाही. जोडाक्षरांचा लेख या आठवड्यात यायचा होता. पण पहिली वेलांटी पक्की नसताना जोडाक्षरांकडे वळणे म्हणजे पाया ओला असताना भिंत चढवणे. म्हणून जोडाक्षरे पुढच्या आठवड्यात.

काना, दुसरी वेलांटी, उकार, मात्रा या खुणा अक्षराच्या उजवीकडे, खाली किंवा वर येतात. डोळा डावीकडून उजवीकडे सरकतो तेव्हा अक्षर आधी दिसते आणि खूण नंतर किंवा त्याच्याबरोबरच. पहिली वेलांटी तेवढी याला अपवाद. ती दिसते आधी, बोलली जाते नंतर. 'कविता' वाचताना डोळ्याला क, मग वेलांटीचा दंड, मग व असा क्रम मिळतो. दंड दिसताच मूल तो नुकत्याच वाचलेल्या क ला जोडून मोकळे होते. आजवर शिकलेल्या बाकीच्या खुणांनी त्याला हेच शिकवलेले असते. त्यामुळे 'नीट बघून वाच' या सूचनेचा उपयोग होत नाही. मूल नीटच बघत असते.

हा उलटा क्रम लिपीत मुळापासून नव्हता. अशोककालीन ब्राह्मीत इकाराची खूण अक्षराच्या डोक्यावर उजवीकडे, आखूड कोनासारखी असे. पुढच्या शतकांत ती डावीकडे वळत गेली आणि शेवटी दंड होऊन अक्षराच्या आधी उतरली. १९५३ साली लखनौला भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेने ती पुन्हा उजवीकडे न्यावी, फक्त तिचा दंड आखूड ठेवावा, अशी शिफारस केली होती. ती लोकांच्या पचनी पडली नाही आणि थोड्याच वर्षांत मागे घेतली गेली. जुन्या टंकलेखन यंत्रावर आधी वेलांटी उमटवून मग अक्षर दाबावे लागे. युनिकोडमध्ये उलट आहे: अक्षर आधी साठवले जाते, वेलांटी नंतर, आणि पडद्यावर दाखवताना तिला मागे ओढले जाते. मुलाच्या डोक्यात घडायला हवे तेही हेच. सरावलेल्या वाचकालाही हा फेरा अगदी फुकट पडत नाही. २००२ साली ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात असे शब्द वाचायला जास्त वेळ लागल्याचे दिसले.

बाराखडीच्या घोकंपट्टीने ही अडचण सुटत नाही. छत्तीस अक्षरांची बाराखडी म्हणजे ४३२ रूपे. ती सुरात म्हणणारे मूल पुष्कळदा क्रमच म्हणत असते. मधलेच 'वि' बोटाने दाखवले, की ते मनात 'व वा' पासून सुरुवात करते. शिवाय बाराखडीत 'वि' एकटा उभा असतो. त्याच्या डावीकडे वेलांटी पळवायला दुसरे अक्षरच नसते.

अध्यापनाची सुरुवात फळ्याआधी, तोंडी होते. शिक्षक 'दिवा' शब्द फोडून म्हणतात: दि, वा. मग 'दि'मध्ये आधी काय ऐकू आले आणि शेवटी काय, हे मुलांकडून काढून घेतात. त्यानंतर खूण येते. तिची ओळख करून देण्याची सोपी युक्ती कमानीत आहे. वेलांटीचा दंड कुठेही असो, तिची कमान ज्या अक्षराच्या डोक्यावर छत्रीसारखी येते, त्याची ती वेलांटी. पहिल्या वेलांटीची छत्री उजवीकडे झुकते, दुसरीची डावीकडे. 'पहिली' हे नाव मात्र इथे घात करते. 'पहिली म्हणजे आधी बोलायची' असे मुले परस्पर ठरवून टाकतात. कमान ओळखू आली, की शब्द वाचायला घ्यायचे: आधी शिक्षक बोट ठेवून वाचतात, मग सगळे मिळून, मग मूल एकटे.

खरी मेख शब्दांच्या निवडीत आहे. प्रथम दिवा, किती, चिमणी, पिशवी असे शब्द घ्यावेत. वेलांटी आरंभीच असल्याने घोटाळ्याला जागा नसते. मग पाहिजे, माहिती, राहिला. इथे मागच्या अक्षराला आधीच काना आहे, म्हणून वेलांटी त्याला चिकटत नाही. महिना, कविता, गणित, शनिवार शेवटी, कारण मागचे मोकळे अक्षर हाच सापळा. शब्दाच्या अंती मराठीत ही वेलांटी जवळजवळ येतच नाही. 'आणि', 'नि', 'तथापि' अशी मोजकी अव्यये सोडली, तर तिथे दुसरीच असते. बहुतेक पाठ्यपुस्तकी सरावात हे तिन्ही प्रकार एकाच चौकटीत कोंबलेले असतात आणि मूल नेमके कुठे अडले ते कोणालाच दिसत नाही.

चूक ऐकताना ती कोणती हे टिपून ठेवावे. 'कविता'चे 'कवता' झाले, तर मुलाने खूण गाळली. त्याला वेलांटीचा आवाज पुन्हा शिकवायचा. 'किवता' झाले, तर आवाज येतो, क्रम चुकतो. त्याला कमान दाखवायची. 'कवीता' असे लांबवून वाचले, तर वाचनापुरते सोडून द्यावे, कारण ऱ्हस्व-दीर्घाचा फरक बोलीत फारसा उरलेला नाही आणि तो शुद्धलेखनाच्या तासाचा विषय आहे. दुरुस्ती तिथल्या तिथे, दोन वाक्यांत: 'कमान कोणावर? व वर. मग वि.' मूल शब्द पुन्हा वाचते, आणि चार शब्द पुढे गेल्यावर तोच शब्द परत समोर येतो.

लिहितानाही आधी व काढायचा, मग वेलांटी. हाताचा क्रम उच्चाराच्या क्रमाशी जुळतो. फक्त डावीकडे दंडापुरती जागा सोडायला शिकवावे लागते, आणि सुरुवातीला चौकटीची वही त्यासाठी बरी. 'परिस्थिती'सारख्या शब्दात कमानीला दोन व्यंजने पेलावी लागतात; तो भाग जोडाक्षरांबरोबर.