हार्ट अटॅकनंतर हृदयात सूज का येते? दरवाजा असतो रक्तवाहिनीच्या हातात

म्हसवड : छातीत कळ आली, घाम फुटला की आपल्या घरांत पहिला अंदाज असतो, ‘गॅस झाला असेल’. सोडा पिण्यात, छाती चोळण्यात वेळ जातो. पुढे अँजिओप्लास्टीसाठी सातारा, सांगली-मिरज किंवा सोलापूर गाठायचं, तर रस्त्यातही वेळ जातो. तेवढ्या वेळात हृदयाचे स्नायू मरत असतात. मेलेला स्नायू पुन्हा जवळजवळ तयार होत नाही, तिथे फक्त व्रण भरतो. तो व्रण किती मजबूत भरणार, हे बरंचसं सुजेवर अवलंबून असतं.

एका पेशीचं अस्तर

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. एरवी हे अस्तर गुळगुळीत असतं. नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून ते नळी सैल ठेवतं आणि पांढऱ्या पेशींना चिकटू देत नाही. रक्तवाहिन्यांतल्या या वायूच्या कामाच्या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळीही याच मार्गाने काम करते.

अटॅक आला की मरणाऱ्या स्नायूंतून धोक्याचा इशारा जातो. मग हेच अस्तर आपल्या अंगावर आकडे उभे करतं. रक्तातून धावणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यात अडकतात, मंदावतात आणि फटीतून आत शिरतात.

मोहल्ल्यात आग लागली तर आधी पाणी घेऊन धावणारे येतात, मग राडारोडा उचलणारे, शेवटी गवंडी. इथेही तसंच. पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल, नंतर साफसफाई करणारे मॅक्रोफेज, मग व्रण विणणाऱ्या पेशी. अस्तर नव्या बारीक रक्तवाहिन्याही फोडतं.

काम झालं की आकडे मागे घ्यायला हवेत. साखर, बीपी, तंबाखू, मिस्री यांनी अस्तर आधीच खराब असेल तर ते नीट होत नाही. सूज रेंगाळते, हृदयाची भिंत पातळ होते, हृदय फुगतं आणि दम लागू लागतो.

मग सूज उतरवायची गोळी घ्यावी का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी हृदयरुग्णाचा धोका वाढतो. सांध्यांच्या दुखण्यावरचं जुनं औषध कोल्चिसिन 2019 साली 4,745 रुग्णांवर तपासलं, तेव्हा फायदा दिसला. 2024 मध्ये सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत तो दिसला नाही. म्हणजे हा निर्णय डॉक्टरांचाच. डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

घरच्यांनी एवढं करावं

छातीत दुखणं थांबत नसेल तर 108 ला फोन करा, ईसीजी काढा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, म्हणून रेशनकार्ड आणि आधार हाताशी ठेवा. तंबाखू, मिस्री सोडायला लावा, साखर तपासा.

अटॅकनंतरचे पहिले काही आठवडे व्रण कच्चा असतो. त्या काळात रमजान आला तर अब्बा-अम्मींनी रोज्याचा हट्ट धरू नये. आजारी माणसाला दीनमध्ये सवलत आहे, कजा नंतर करता येते. डॉक्टरांना विचारा, मौलानांशीही बोला. हृदयाला भरून यायला वेळ द्या.