मंदगती लिम्फोमा : प्रतीक्षेच्या काळातील परिचर्या

प्रस्तावना :
लिम्फोमा हा लसिकापेशींचा कर्करोग होय. त्याच्या मंदगती प्रकारांत फॉलिक्युलर लिम्फोमा प्रमुख आहे. पसरलेल्या अवस्थेत तो सहसा समूळ बरा होत नाही; तथापि रुग्ण त्यासह अनेक वर्षे जगू शकतो. लक्षणे नसल्यास औषध न देता नियमित तपासणी केली जाते. ब्रिटनमधील ३०९ लक्षणरहित रुग्णांच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तत्काळ औषध घेणारे व प्रतीक्षा करणारे यांच्या एकूण आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही.

आकुर्डीचा संदर्भ :
बजाज ऑटोच्या आकुर्डी कारखान्यातील उत्पादन २००७ मध्ये थांबले; तरी भोसरी, चाकण येथे पाळीने काम करणारे अनेक कामगार या परिसरात राहतात. ‘कर्करोग आहे, पण औषध नाही’ हे वाक्य अशा कुटुंबास उमगत नाही. भीतीपोटी कामगाराने नोकरी सोडल्यास कर्मचारी राज्य विमा योजनेचे संरक्षण कालांतराने संपते. याउलट, पुढे आजारामुळे काम अशक्य झाल्यास पात्र विमाधारकास वेतनाच्या ८० टक्के दराने वाढीव आजारपण लाभ मिळू शकतो. तेव्हा प्रकृती साथ देत असताना नोकरी टिकवणे हिताचे ठरते.

परिचारिकेचे कार्य :
१) गैरसमज दूर करणे : मानेतील गाठींमुळे शेजारीपाजारी क्षयरोगाची शंका घेतात. लिम्फोमा संसर्गजन्य नाही, हे घरातील सर्वांना समजावून सांगावे.
२) लक्षणांची ओळख : ३८ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक व अन्य कारण नसलेला ताप, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजनघट, वेगाने वाढणारी गाठ ही लक्षणे दिसताच रुग्णालयात यावे. पत्र्याच्या खोलीतील उकाड्याचा घाम वेगळा व अंथरूण भिजवणारा घाम वेगळा; रात्रपाळी करणाऱ्यास हा घाम दिवसा झोपेतही येऊ शकतो.
३) नोंदवही : वजन, ताप व पुढील तपासणीची तारीख रुग्णाने स्वतः लिहावी.
४) मानसिक आधार : तपासणीपूर्वीच्या दिवसांत चिंता वाढते. अशा वेळी परिचित परिचारिकेशी दूरध्वनीवर बोलता येणे मोलाचे ठरते.

समारोप :
प्रतीक्षा हाही उपचाराचाच भाग आहे. या काळात रुग्णाला औषध मिळत नाही, म्हणूनच माहिती व आधार देणाऱ्या परिचारिकेची गरज अधिक असते. परिचर्या महाविद्यालयांनी प्रात्यक्षिक शिक्षणात या संवादकौशल्यास स्वतंत्र स्थान देणे आवश्यक आहे.