पेद्रो पारामो : मेलेल्यांच्या गावातली कादंबरी

मेक्सिकोच्या हुआन रुल्फोची ही १९५५ सालची कादंबरी गूढकथा आवडणाऱ्या प्रत्येकाने वाचायलाच हवी. मरणाऱ्या आईला दिलेल्या शब्दाखातर हुआन प्रेसियादो कधीही न पाहिलेल्या बापाच्या, म्हणजे पेद्रो पारामोच्या, शोधात कोमाला या गावी निघतो. रखरखीत ऊन, ओस घरं. मुक्कामाच्या घरातली एदुविहेस म्हणते, तू येणार हे तुझ्या आईनं मला आजच सांगितलं. आई तर आठवड्यापूर्वीच वारलेली! वाटेत सोबत करणारा खेचरवालाही कधीच मेलेला. रात्री खोलीत किंकाळी घुमते. तिथे एकाला फासावर लटकवलेलं असतं.

ही भुतं घाबरवत नाहीत, जमीनदार पारामोच्या जुलमाच्या कहाण्या कुजबुजतात. मला तेच जास्त अंगावर येतं. प्रकरणं नाहीत, काळ सतत पुढेमागे होतो, सुरुवातीला गोंधळायला होईल; तरी सोडू नका. कादंबरीकार गार्सिया मार्केसला ती जवळजवळ तोंडपाठ होती. २०२४ मध्ये चित्रपटही आलाय, पण आधी पुस्तक!