एक मीटर नायक्रोम, बारा व्होल्ट

तापलेली कॉइल अंधारात बघावी. सगळे वेढे एकाच केशरी रंगाचे दिसले तर ती नीट गुंडाळलेली आहे. एखादाच वेढा पिवळा झळकत असेल तर तिथे तार ताणून बारीक झालेली असते, नाहीतर वेढे फार दाटीने बसलेले असतात. कॉइल तुटते ती बहुधा अशाच जागी.

कॉइल स्वतः गुंडाळायची हौस हल्ली मुलांना लागते ती परदेशी व्हिडिओ बघून, आणि त्या व्हिडिओंतली कॉइल बहुतेक वेळा व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची असते. म्हणून कायद्याची गोष्ट आधी सांगतो. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी संसदेने तसा कायदा केला. निर्मिती, आयात, विक्री, जाहिरात, साठवण, सगळंच त्यात आलं. निर्मितीच्या व्याख्येत सुटे भाग बनवणं आणि जोडणंही धरलेलं आहे. निर्मितीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बोरिवलीतल्या एखाद्या बेडरूममध्ये व्हेपसाठी गुंडाळलेले चार वेढेसुद्धा त्यातून सुटतील असं कुणी समजू नये.

कॉइल गुंडाळण्याच्या विद्येवर मात्र बंदी नाही, आणि ती शिकण्यासारखी आहे. आपल्या दहावीच्या पुस्तकात ज्यूलचा नियम असतो: विद्युतधारेचा वर्ग, गुणिले रोध, गुणिले वेळ. परीक्षेपुरता पाठ होतो आणि विसरला जातो. कॉइल गुंडाळायला बसलं की त्यातला ‘वर्ग’ हा शब्द किती महत्त्वाचा आहे ते समजतं.

साधी तांब्याची तार तापवायला का चालत नाही? तांब्याचा रोध फार कमी, आणि लाल होईपर्यंत तापवलं की हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे पापुद्रे सुटत जातात. अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियम एकत्र करून जो मिश्रधातू बनवला त्याचं पेटंट त्यांना १९०६ साली मिळालं. ऐंशी टक्के निकेल, वीस टक्के क्रोमियम, हेच ते नायक्रोम. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा त्याचा रोध साधारण पासष्ट पट. शिवाय पहिल्यांदा तापताना त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर चढतो आणि हा थर आतल्या धातूला पुढे जळू देत नाही. नवी चकचकीत तार एकदा तापली की काळपट-हिरवट दिसते. ते खराब होण्याचं लक्षण नव्हे, तिचं कवच तयार झालं आहे. पुढे स्वीडनमध्ये कँथल नावाने लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची तार निघाली. तिचं कवच ॲल्युमिनियम ऑक्साइडचं असतं आणि ती नायक्रोमपेक्षाही जास्त तापमान सोसते.

आता शेगडी घ्या. मातीच्या किंवा पोर्सेलिनच्या थाळीच्या खाचेत बसवलेली उघडी कॉइल अजूनही काही खोल्यांमधून दिसते. मुलुंडला वीज महावितरणची आणि अंधेरीला अदानीची असली तरी घरात येते ती २३० व्होल्टनेच. २३० चा वर्ग ५२,९००. हजार वॉटची शेगडी हवी तर याला हजाराने भागायचं. रोध आला ५२.९ ओहम. २६ गेजच्या नायक्रोम तारेची जाडी ०.४५७ मिलिमीटर, आणि एका मीटरचा रोध सुमारे ६.७ ओहम. म्हणजे जवळपास आठ मीटर तार लागते. आठ मीटर तार त्या एवढ्याशा थाळीत मावावी म्हणूनच ती स्प्रिंगसारखी गुंडाळायची.

ही कॉइल एका जागी तुटली की घरोघरी एकच उपाय होतो: जळकं टोक कापायचं, उरलेली तार ओढायची आणि दोन्ही टोकं एकमेकांत अडकवायची. शेगडी पुन्हा पेटते, पहिल्यापेक्षा जोरात पेटते, म्हणून माणूस खूश होतो. इथेच त्या वर्गाचा हिशोब आड येतो. समजा दहा टक्के तार कापून गेली. रोध दहा टक्क्यांनी कमी झाला, धारा सुमारे अकरा टक्क्यांनी वाढली. पण प्रत्येक सेंटिमीटरमध्ये निघणारी उष्णता धारेच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास तेवीस टक्क्यांनी. त्यात भर म्हणजे सांध्याचा स्वतःचा रोध वेगळा, आणि जुनी तापून तापून ठिसूळ झालेली तार ओढताना कुठे ना कुठे बारीक झालेली. दुसऱ्यांदा ती लवकर तुटते. तिसऱ्यांदा आणखी लवकर. शिवाय उघड्या कॉइलला स्टीलचं पातेलं टेकलं तर पातेल्यात २३० व्होल्ट उतरतात. नवशिक्याने या शेगडीपासून सुरुवात करू नये, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

सुरुवात बारा व्होल्टवर करावी. बारा व्होल्ट, दोन अँपिअरचा चांगला अडॅप्टर, एक मीटर २६ गेज नायक्रोम, मल्टिमीटर, आणि खाली ठेवायला एखादी फरशी. तार आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायची, कारण बोटांचा घाम आणि मीठ तारेवर राहिलं तर कवच तिथे डागाळतं. मग स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर किंवा स्वेटर विणायच्या सुईवर वेढ्याला वेढा लावून, हाताचा ताण सारखा ठेवून गुंडाळायची. हात सोडला की कॉइल थोडी फुगते आणि दांड्यापेक्षा मोठ्या घेराची होते. खाचेत बसवायची असेल तर हे आधीच धरायला हवं. नंतर दोन्ही टोकं धरून ती सावकाश, सगळीकडे सारखी ताणायची. वेढ्यांमध्ये तारेच्या जाडीइतकं तरी अंतर सुटलं पाहिजे.

टोकांना डाग देऊ नये. साधं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं, आणि गरम टोकावरचं टपकून पडतं. पितळी स्क्रू आणि वॉशरमध्ये आवळायचं, किंवा पोर्सेलिनचा कनेक्टर वापरायचा. कसबी माणसं शेवटचे चार-पाच सेंटिमीटर तार दुहेरी करून पीळ देतात. तिथे रोध निम्मा होतो, टोक थंड राहतं आणि स्क्रू तापत नाही. मला कॉइलच्या कामातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते.

जोडण्याआधी मोजायचं. एका मीटरला सुमारे पावणेसात ओहम दिसले तर धारा येईल १.८ अँपिअर, शक्ती एकवीस वॉट. तार लाल होणार नाही, पण हात भाजेल एवढी नक्की तापेल. तीच तार अर्धी कापली तर धारा ३.६ अँपिअर मागितली जाईल. चांगला अडॅप्टर स्वतःला बंद करून घेईल, हलका अडॅप्टर जळेल. कमी तार म्हणजे कमी उष्णता हा समज इथे पहिल्याच दिवशी मोडतो.

व्हेपच्या कॉइलमध्ये हाच समज जिवावर बेततो. तिचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतो, आणि समोर पूर्ण भरलेला ४.२ व्होल्टचा लिथियम सेल. धारा ८.४ अँपिअर. साध्या मल्टिमीटरची दोन टोकं नुसती एकमेकांना टेकवून बघा, ०.२-०.३ ओहम दिसतात. हा वायरींचाच रोध. शेगडीच्या त्रेपन्न ओहममध्ये त्याची कुणी दखल घेणार नाही. पण अर्ध्या ओहमच्या कॉइलला मीटर ०.८ दाखवेल, गुंडाळणारा सव्वापाच अँपिअर धरून चालेल आणि सेलमधून आठाच्या वर वाहत असतील. दोन वेढे एकमेकांना टेकले तर रोध आणखी घसरतो. लिथियम सेलला स्वतःहून थांबता येत नाही. मर्यादेबाहेर धारा खेचली की तो आतून तापतो, तापला की आतल्या रासायनिक क्रिया वेग घेतात, त्या आणखी उष्णता देतात, आणि शेवटी सेल फुटून पेट घेतो. हे उपकरण खिशात किंवा तोंडापाशी असतं.

सेल शाबूत राहिला तरी तारेचा प्रश्न उरतो. शेगडीच्या तारेवरून सुटणारे कण कुणी छातीत भरून घेत नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली रोज व्हेप ओढणाऱ्या ५६ जणांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या मूळ द्रवात नसलेलं किंवा नगण्य असलेलं निकेल, क्रोमियम, शिसं कॉइलशी संपर्क आल्यानंतरच्या वाफेत बऱ्याच जास्त प्रमाणात आढळलं. द्रवातलं प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला. कॉइलला द्रव पुरवणारी वात ओली असेपर्यंत तापमान या आकड्यांच्या आसपास अडून राहतं. वात सुकली की उष्णता खायला द्रव उरत नाही, तार पुढे तापत जाते आणि उरलेल्या द्रवाचं विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलीन तयार होतात. कितीही सफाईने गुंडाळलेली कॉइल हे टाळू शकत नाही, म्हणून ‘सुरक्षित’ हा शब्द मी त्या कॉइलला लावणार नाही.

वात, द्रव आणि तापणारा भाग हे त्रिकूट आपल्या प्रत्येक घरात आहेच: डास पळवायचं लिक्विड मशीन. गुड नाइट हे त्यातलं घरोघरी ठाऊक असलेलं नाव. हे मशीन रात्रभर चालूनही पेटत का नाही? त्यात बहुधा नायक्रोम नसतं, बेरियम टायटनेटची छोटी सिरॅमिक चकती असते. ठरावीक तापमान ओलांडलं की तिचा रोध एकदम कैक पटींनी चढतो, धारा आपोआप घसरते आणि चकती त्याच तापमानाला थांबते. नायक्रोमचा रोध तापल्यावर जेमतेम बदलतो, त्यामुळे त्याला आवरायचं काम बाहेरून कुणीतरी करावं लागतं. उष्णता देणाऱ्या दोन वस्तूंमधला हा फरक मुलांना दाखवून द्यावा.

बारा व्होल्टवर हात बसला की पुढचं काम म्हणून पिशव्या सील करायचं मशीन घ्यावं. मुलुंड, बोरिवली, घाटकोपरमध्ये घरून मसाले, चकल्या, खाकरे विकणाऱ्या कित्येक जणींकडे ते असतं आणि त्याची पट्टी वरचेवर जाते. ती पट्टी म्हणजे चपटं नायक्रोमच. मशीनचा प्लग काढून, वरची टेफ्लॉनची पट्टी सोलून, दोन स्क्रू सैल करायचे. नवी पट्टी जुनीच्याच रुंदीची आणि जाडीची हवी, कारण आतला ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच रोधासाठी बनवलेला असतो. टोकाशी एक स्प्रिंग असते, ती काढून टाकायची नाही: पट्टी तापली की लांबते, स्प्रिंग ती ताठ ठेवते. स्प्रिंग गेली तर पट्टी मधोमध उचलली जाते, टेफ्लॉन जाळते आणि पिशवीला भोक पाडते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकलेल्या कुणाला पहिल्यांदा शेजारी बसवून घ्यावं. पट्टी बदलली की तिचा बॉडीला कुठे स्पर्श नाही ना ते मीटरने तपासायचं, टेफ्लॉन परत चिकटवायचं, आणि मग एक रिकामी पिशवी सील करून ती फुगवून बघायची.