कागदावरचे इंग्रजी : व्यापाऱ्याने विद्यापीठातून काय शिकावे?

वेरूळची लेणी पाहणारे परदेशी पर्यटक खुलताबादलाही येतात. हिमरूची शाल दाखवताना आपली मुले त्यांच्याशी इंग्रजीत बोलतात, भाव सांगतात, घासाघीसही करतात. एवढे इंग्रजी बाजार शिकवतो. अडचण पुढे येते. तोच पर्यटक मायदेशी जाऊन पाचशे शालींची मागणी लिहून पाठवतो. सोबत कराराचा मसुदा, बँकेच्या अटी आणि लेबलाचा नमुना येतो, तेव्हा तो कागद शहरातल्या दलालाकडे न्यावा लागतो. दलाल सांगेल तो अर्थ आणि दलाल मागेल ती दलाली! माल आपला, मेहनत आपल्या कारागिरांची, पण कागद दुसऱ्याच्या हाती.

पत्र परक्याकडून वाचून घेण्यातला धोका आपल्याला नवा नाही. मदिन्यात हुजूर पैगंबर (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले, कारण पत्रव्यवहारासाठी त्यांच्यावर विसंबणे त्यांना खात्रीचे वाटत नव्हते. हजरत जैद यांनी ती अर्ध्या महिन्यात शिकून घेतली आणि येणारी पत्रे ते स्वतः वाचू लागले, अशी नोंद तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहात आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. लिहिलेला कागद स्वतःला वाचता यावा, ही त्यापुढची साधी गरज आहे.

उर्दू शाळेत शिकलेल्याने इंग्रजीच्या वाटेला जाऊ नये, असा एक गैरसमज आपल्यात रुजला आहे. आपल्याच भागाचा इतिहास वेगळे सांगतो. निजामाच्या राज्यात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, मात्र इंग्रजी हा विषय प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा होता. ज्ञान आपल्या जबानीत घ्या आणि जगाशी व्यवहार करण्यासाठी इंग्रजीही शिका, असा तो हिशेब होता. या विद्यापीठाच्या अनुवाद विभागाचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक हे १९२० च्या दशकात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य होते. ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ज्यांना सारे जग ओळखते, त्यांच्याच संपादनाखाली अंजुमन तरक्की-ए-उर्दूने १९३७ मध्ये मोठा इंग्रजी-उर्दू शब्दकोश प्रसिद्ध केला, आणि तोही औरंगाबादहून. उर्दूचा सर्वांत मोठा खिदमतगार इंग्रजीचा कोश तयार करतो, यातच सारे आले.

आता प्रश्न असा, की शिकायचे किती? युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजपट्टीत भाषेच्या सहा पायऱ्या आहेत. मधल्या दोन पायऱ्यांना ‘इंटरमीजिएट’, म्हणजे मध्यम पातळी म्हणतात. या पातळीच्या माणसाला नेहमीच्या कामाचे पत्र समजते, सरळ भाषेत उत्तर देता येते, तक्रार मांडता येते आणि पुढे तर कराराचा मुद्देसूद मजकूरही वाचता येतो. व्यापाऱ्याला एवढे पुरे आहे. शेक्सपिअर नंतर वाचता येईल.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. आमची पिढी पाचवीपासून शिकली. व्याकरणाचे नियम पाठ झाले, पण त्यांचा वापर कधी करावा लागला नाही. म्हणजे पाया घातलेला आहे, त्यावर भिंत उभारायची राहिली आहे. दहावी झालेल्या माणसाने पुन्हा मुळाक्षरांच्या वर्गात बसण्याची गरज नाही. त्याने थेट व्यापारी इंग्रजीला हात घालावा.

व्यापारी इंग्रजी म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. परदेशी गिऱ्हाईक बहुधा बँकेमार्फत एल.सी., म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट उघडते. त्यावर आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाचे ‘यूसीपी ६००’ हे नियम लागू होतात. ते १ जुलै २००७ पासून अमलात आहेत. या नियमांनुसार बँक माल पाहत नाही, कागद पाहते. शाल कितीही देखणी असो, कागदात खोट निघाली तर पैसे अडकतात. म्हणून तिथल्या एकेका शब्दाला किंमत आहे.

‘अबाउट’ हा शब्द घ्या. शाळेत त्याचा अर्थ ‘सुमारे’ असा शिकवला. एल.सी.मध्ये ‘अबाउट ५०० शाली’ असे असेल, तर १० टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे ४५० ते ५५०. मात्र शब्द ज्या आकड्याला लावला आहे, सवलत त्याच आकड्याला मिळते. रकमेपुढे ‘अबाउट’ नसेल, तर जास्त शाली पाठवूनही जास्त पैसे मिळणार नाहीत. ‘अबाउट’ मुळीच नसेल आणि माल मीटरवर मोजला असेल, तर एकूण रकमेच्या आत राहून ५ टक्के फरक चालतो. पण माल नगावर मोजला असेल, तर ही सवलत नाही. थान विकणाऱ्याला एक नियम आणि शाल विकणाऱ्याला दुसरा!

तारखांचेही तसेच. ‘ऑन ऑर अबाउट’ अमुक तारीख म्हटले, की त्या तारखेच्या ५ दिवस आधीपासून ५ दिवस नंतरपर्यंतची मुदत धरतात. महिन्याची ‘बिगिनिंग’ म्हणजे १ ते १०, ‘मिडल’ म्हणजे ११ ते २० आणि ‘एंड’ म्हणजे २१ पासून अखेरपर्यंत. आता मोबाईल भाषांतर करून देतो, हे खरे. तो ‘अबाउट’चे ‘सुमारे’ बरोबर करील, पण त्यामागचे १० टक्के तो भाषांतरात देणार नाही. ते शिकलेल्या माणसालाच ठाऊक असतात.

घरगुती सवयीही तपासाव्यात. ५/६ ही तारीख आपल्याला ५ जून दिसते, अमेरिकेत ती ६ मे ठरते. म्हणून महिना अक्षरांत लिहावा. ‘लाख’ हा शब्द तिकडच्या गिऱ्हाइकाला कळत नाही, तेव्हा शंभर हजार लिहावे. आणि लेबलाबाबत फार जपावे. परंपरेने हिमरूत ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा. त्यावर ‘प्युअर सिल्क’ छापणे हे खोटे बोलणे झाले. अमेरिकेत तर १९५८ च्या कायद्याने कापडावर प्रत्येक धाग्याचे वजनी प्रमाण टक्क्यांत लिहावे लागते. रेशमाऐवजी रेयॉन वापरला असेल, तर तसेच लिहावे. हलाल रोजीचा हिशेब इंग्रजीतही तोच आहे.

शिकायचे कुठे? खुलताबादेत चिश्तिया आणि कोहिनूर ही महाविद्यालये आहेत. शहरात १९५८ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे, ज्याला १९९४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दिले गेले. डॉ. रफिक झकेरिया यांनी १९६३ मध्ये उभे केलेले मौलाना आझाद महाविद्यालय आहे. दुकान सोडून वर्गात बसणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी मुक्त शिक्षणाची दारे आहेत : दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ (१९८५), नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ (१९९८). अभ्यासक्रम आणि प्रवेशाच्या तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून आधी चौकशी करावी आणि दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. पत्रे आणि कागद प्रत्यक्ष लिहून घेतात काय? आणि लिहिलेले कुणी तपासून देते काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर फी वाचवावी.

वर्गात जाताना आपल्याच दुकानातले कागद न्यावेत, जुने बिल, आलेली मागणी, बँकेचे पत्र. नावे आणि रकमा झाकून शिक्षकांकडून अर्थ समजून घ्यावा. घरात बी.कॉम. झालेली मुलगी किंवा सून असेल, तर पत्रव्यवहार तिच्याकडे सोपवावा. शिकलेली माणसे घरात असताना कागद दलालाकडे नेणे हा तोट्याचा सौदा आहे.

सहा महिने, रोज एक तास आणि रोज एक पत्र. एवढी मेहनत आपला विणकर एका नक्षीसाठी करतो. तीच त्याच्या मालाच्या कागदासाठी आपण केली, तर इन्शाअल्लाह सही करण्यापूर्वी कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्याची वेळ आपल्यावर येणार नाही.