सहा दिवसांचे अधिवेशन आणि आपला आमदार



डिसेंबर लागला, ऊसतोड रंगात आली, की नागपूर अधिवेशनाच्या बातम्या सुरू होतात. त्या वाचून आमच्या जठारपेठेत चहाच्या टपरीवर एकच सूर निघतो, "सहा दिवसात काय होते बावा? गेले, हुरडा खाल्ला, वापस आले!" थट्टा म्हणून ठीक आहे. पण त्या सहा दिवसांत आमदार नेमके काय करू शकतो, हे ठाऊक नसल्याने नुकसान आपलेच होते. आपल्यापैकी बऱ्याच जणांची शेती खेड्यात अन् लेकरे शिकायला अकोल्यात, म्हणजे दोन-दोन आमदारांशी आपला संबंध येतो.

अधिवेशन नागपुरात भरते ते १९५३ च्या नागपूर करारामुळे. विदर्भ महाराष्ट्रात आला तर वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरास घ्यावे, असे त्यात ठरले आणि १९६० पासून ती वहिवाट पडली. ते किती दिवसांचे, हे मात्र कुठेच बांधून दिलेले नाही. राज्यघटना एवढेच सांगते की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. म्हणून २०२२ साली १९ ते ३० डिसेंबर, २०२३ साली ७ ते २० डिसेंबर, आणि २०२४ साली १६ ते २१ डिसेंबर असे सहाच दिवस. २०२० साली तर दोन दिवसांत, तेही मुंबईतच उरकले.

आता विधानसभेत सदस्य २८८. एकेकाच्या वाट्याला बोलायला वेळ तो किती येणार? पण खरे काम भाषणाचे नसतेच. ते कागदाचे असते, आणि अधिवेशन भरण्याच्या बरेच आधी सुरू होते.

आमदार लेखी प्रश्न पाठवतो. अध्यक्षांनी तो मान्य केला की मंत्रालयातून खात्याकडे, खात्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला विचारणा येते. ज्या टेबलावर आपला अर्ज दोन वर्षे निजलेला असतो, त्याच टेबलावरून "माहिती तात्काळ सादर करावी" म्हणून धावपळ होते. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तासाभरात थोडेच प्रश्न पुकारले जातात हे खरे. पण आपला नंबर लागला नाही तरी लेखी उत्तर छापून येते, आणि ते सरकारला पुढे नाकारता येत नाही.

तातडीची बाब असली तर लक्षवेधी सूचना. तिच्यावर मंत्र्यांना निवेदन करावे लागते. निवेदनात "चौकशी करू", "महिनाभरात देऊ" असे काही निघाले, की ते आश्वासन म्हणून नोंदवले जाते आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. मोर्चाला मिळालेला शब्द आणि सभागृहात दिलेला शब्द यांत हाच फरक आहे.

पैशाचे काम पुरवणी मागण्यांत होते. मार्चच्या अंदाजपत्रकात जे बसले नाही ते इथे मांडतात. डिसेंबर २०२४ मध्ये या मागण्या सुमारे ३५,७८८ कोटी रुपयांच्या होत्या. आपल्या भागाचे काम त्या पुस्तकात आहे की नाही, हे आमदाराने आधी पाहावे लागते. पुस्तक छापून झाल्यावर ओरडून फारसे होत नाही. (आमदार निधी वेगळा. तो वर्षाला पाच कोटी, त्याला अधिवेशन लागत नाही. समाजमंदिर मागायला नागपूर गाठणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

आमदार नसला तर काय होते, ते आम्ही जठारपेठवाल्यांनी पाहिले आहे. १९९५ पासून सहा वेळा निवडून आलेले अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा, सर्वांचे लालाजी, ३ नोव्हेंबर २०२३ रोजी वारले. महिनाभरात नागपूर अधिवेशन भरले, जागा रिकामी. पोटनिवडणूक २६ एप्रिल २०२४ ला जाहीर झाली. पण नव्या सदस्याला एक वर्षही मिळणार नाही, या मुद्द्यावर मार्चअखेर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रोखली. मग फेब्रुवारीचे अंतरिम अंदाजपत्रक गेले, जून-जुलैचे अधिवेशन गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये साजिद खान पठाण निवडून आले, तेव्हा कुठे खुर्ची भरली. वर्षभर पश्चिम अकोल्याच्या नावाने विधानसभेत प्रश्न टाकणारा स्वतःचा माणूस नव्हता. विधान परिषदेचे सदस्य असतात, शेजारचे आमदारही बोलू शकतात, पण शेजाऱ्याच्या बैलावर आपली पेरणी किती होणार?

आता आपल्या उसाचे. एफआरपी केंद्र सरकार ठरवते. "आमदार साहेब, भाव वाढवून द्या" म्हटले तर ते फार तर ठराव मांडतील. पण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ते न देणाऱ्या कारखान्यावर साखर आयुक्त वसुलीचा दाखला काढतात आणि वसुली जिल्हाधिकारी करतात. हे राज्याचे काम, म्हणजे प्रश्न इथेच विचारता येतो: दाखले किती निघाले, वसुली किती झाली, उरलेली का नाही? कारखान्याच्याच अंकात हे छापलेले काहींना खटकेल. खटको बापडे, नियम आपल्या कारखान्यालाही तोच आहे.

म्हणून आमदाराकडे जाताना "विजेचा लय त्रास आहे" असे मोघम सांगू नका. डीपी कोणत्या शिवारातली, जळाली कधी, अर्ज कोणत्या तारखेचा, आवक क्रमांक काय, किती पंप बंद, हे एका कागदावर लिहा आणि सोबत अर्जाची नक्कल जोडा. एका कागदावर एकच बाब. आणि अधिवेशनाची तारीख पेपरात येण्याची वाट पाहू नका. दिवाळीच्या आधीच कागद पोचता करा, पोच घ्या. अधिवेशन संपल्यावर आमदारांच्या कार्यालयात जाऊन एवढेच विचारा की प्रश्न टाकला काय, क्रमांक कोणता, आणि उत्तराची नक्कल कधी मिळते.