खापराचा ठावठिकाणा

श्रोतेहो, ऊसतोडणी कामगारांत वावरणाऱ्या माणसाने खापरांवर काय बोलावे, अशी शंका आपणांस आली असेल. आमचे शिक्षण बेताचे. जे वाचले ते कोपीवर, कंदिलाच्या उजेडात. परंतु खापरावर कित्येकदा कुंभाराच्या बोटांचे वळ अजून दिसतात, म्हणून या विषयाची आम्हांस ओढ आहे.

इ. स. पूर्व आठव्या शतकापासून ग्रीकांनी दक्षिण इटलीत वसाहती केल्या. पुढे तेथील कुंभार भांड्याची पार्श्वभूमी काळी करून आकृत्या तांबड्या राखू लागले. ही भांडी थडग्यांतून निघाली आणि अठराव्या शतकात धनिकांच्या दिवाणखान्यांत गेली. नेपल्स येथील ब्रिटिश वकील विल्यम हॅमिल्टन याने आपला संग्रह १७७२ साली ब्रिटिश म्युझियमला विकला. दुसऱ्या संग्रहाचा काही भाग १७९८ साली जहाजाबरोबर बुडाला. इटलीत सापडली म्हणून ती भांडी एट्रुस्कनच, असे पुष्कळ काळ लोक समजत. कोणत्या थडग्यातून, कशाशेजारी, कोण टिपून ठेवणार? मुकादमाच्या वहीत नोंद नसलेल्या उचलीवरून किती भांडणे होतात, हे या सभेत बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे. खापराचेही तसेच.

आता शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर पाहा. गोरोबाकाकांचे, म्हणजे कुंभाराचेच गाव. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात हेच 'तगर' पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे; येथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी हजारो वस्तू गोळा केल्या: मणी, दिवे, दुहेरी साच्यातून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती. एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर १९३८ साली पाँपेईत निघालेल्या मूर्तीची बहीणच शोभावी. हा संग्रह तेरमध्येच राहिला, शासकीय वस्तुसंग्रहालय झाला. हॅमिल्टनहून लामतुरे आम्हांस थोर वाटतात ते यासाठी.

तरी एक उणीव सांगितलीच पाहिजे. वरवर वेचलेल्या वस्तूला थर नसतो. १९५८ साली तेरला शास्त्रीय उत्खनन झाले, तेव्हा कोणती वस्तू कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली, हे पाहता आले. गावोगावच्या पांढरीची माती मात्र खतासाठी गाड्या भरभरून गेली. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथील काळ्या नक्षीची तांबडी भांडी तीन हजारांहून अधिक वर्षांची. तसले खापर आपल्या नांगराखालीही येईल. आले तर धुऊन कोनाड्यात ठेवण्यापूर्वी शेताचे नाव, खोली आणि तारीख कागदावर लिहावी, आणि तेरला कळवावे.